कोरा अंगठा

शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून मतदार यादीचा कारकून बसला होता आणि चुनाभट्टीच्या अकरा बायका त्याच्यासमोर रांगेत उभ्या होत्या. सगळे जिला थोरली म्हणत ती तिसरी होती. कामावरून परस्पर आल्यामुळे सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. पहिलीनं शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला. कारकुनानं भिंग लावून पाहिलं आणि पुन्हा टेकवायला सांगितलं. दुसऱ्यांदाही नुसता काळा ठिपका उठला. रेघ म्हणून नाही.

कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं पहिलीचा हात उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. अंगठा गुळगुळीत होता, तळहातसुद्धा. वीस वर्षं कळीचा चुना उपसून, हौदात विझवून, मळून चामडीवरच्या सगळ्या रेघा गेलेल्या. मग त्यानं एकेकीचे हात पाहिले. अकरा जणींत एकीचाही अंगठा उमटेना.

"असा ठिपका मला घेता येत नाही, बाई," तो म्हणाला. "हा कुणाचाही असू शकतो."

एकीनं विचारलं, सही शिकून आलो तर? तो म्हणाला, सही असली तरी अंगठा लागतोच, कारण मागे एका माणसानं चाळीस सह्या ठोकल्या होत्या. दुसरीनं विचारलं, पायाचा अंगठा चालेल का? त्यावर सगळ्या हसल्या, कारण चुना तुडवायलाही त्याच होत्या. कारकूनही थोडा हसला. मग त्यानं सांगितलं की पंधरा दिवसांनी तो पुन्हा येईल, शेवटचं. तोवर एक हात चुन्यापासून लांब ठेवला, तेल लावलं, तर चामडी भरून येते. डावा-उजवा कोणताही चालेल. पण माणूस स्वतः समोर हवं. मालकाच्या हद्दीत जाऊन अंगठे घ्यायची त्याला परवानगी नव्हती.

थोरली परत निघाली ती एकाच विचारात. हात लांब ठेवायचा म्हणजे कुठे ठेवायचा? भट्टीवरच्या बाईचा हात रिकामा दिसला की मुकादमाला तो लांबून दिसतो.

चुनाभट्टीच्या मागे कामगारांची ओळ होती. एकाला एक लागून बावीस झोपड्या. भिंती ज्याच्या त्यानं लिंपलेल्या, पण चौकट आणि कवाड मालकाचं. प्रत्येक कवाडावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला. थोरलीच्या घराचा आकडा नऊ. आत ती, तिचा नवरा आणि कवाडाच्या मागेच खाटेवर पडलेली सासू. म्हातारी चार वर्षांपूर्वी टोपलीसकट भट्टीच्या चढावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचं जग म्हणजे ते कवाड. ते किती उघडलं यावरून ती वेळ सांगायची आणि कुणाच्या हातानं उघडलं यावरून माणूस ओळखायची.

मालक कुणाला जा म्हणून सांगत नसे. त्याची रीत वेगळी होती. मुकादम सुताराला घेऊन यायचा, कवाड काढायचा आणि घेऊन जायचा. वस्तू मालकाचीच, त्यामुळे बोलायला तोंड नाही. मग लोक गोणपाट टांगायचे, फळकुटं लावायचे. पण भट्टीच्या माळावर वारा सुटला की चुन्याची भुकटी सरळ आत यायची. जेवणात, अंथरुणात, डोळ्यांत. चार-सहा दिवसांत माणूस आपण होऊन गाठोडं बांधायचा.

संध्याकाळी थोरलीनं अंगठ्याची हकीकत सांगितली तेव्हा तिचा नवरा जेवता जेवता थांबला. तो भट्टीच्या तोंडाशी जळण टाकायचा. पापण्या अर्ध्या जळालेल्या, बोलणं कमी.

"जाऊ दे ते," तो म्हणाला. "नाही उमटत तर नाही उमटत."

"बायकांना हक्क आलाय म्हणतात."

"आम्हालाही आला होता की."

पुरुषांना मत मिळालं त्याला सात वर्षं झाली होती. तेव्हा त्यांची यादी मालकानंच दिली, कुणाला अंगठा लागला नाही. मतदानाच्या दिवशी मुकादमानं सगळ्यांना गाडीत घालून नेलं. कुठे खूण करायची ते वाटेत तीनदा सांगितलं. सगळ्यांनी तिथेच केली. पण ओळीत एक माणूस होता, त्याचे पुढचे दात ओठात मावत नसत. त्यामुळे तो झोपेतसुद्धा हसल्यासारखा दिसे. सगळे त्याला हसऱ्या म्हणत. तो मत देऊन बाहेर आला आणि मुकादमाला वाटलं, हा हसतोय. दुसऱ्या दिवशी त्याचं कवाड गेलं. बायको, दोन पोरी आणि तो, पाचव्या दिवशी गेले. कुठे गेले ते कुणाला कळलं नाही. तेव्हापासून ओळीतले पुरुष मत देऊन बाहेर येताना मयताला गेल्यासारखं तोंड करत.

"दातांपायी गेला तो," नवरा म्हणाला. "आणि तू अंगठा बांधून हिंडणार."

खाटेवरून म्हातारी म्हणाली की तिच्या लहानपणी मत जमिनीला होतं. मालकाचा बाप घोड्यावरून मत द्यायला जायचा आणि तिचा बाप घोडा धरून उन्हात उभा राहायचा. मग मत घराला आलं. ज्याच्या नावावर घर, त्याला मत. ओळीत कुणाच्याच नावावर घर नव्हतं, म्हणून तेव्हाही बाप बाहेरच. मग पुरुषांना आलं, तोवर बाप मेला होता.

"त्यांनी वापरून जुनं झालं की आपल्याकडे येतं," म्हातारी म्हणाली. "जुने कपडे येतात तसं."

पण या वेळची गोष्ट तेवढ्यावर संपणारी नव्हती आणि ते तिघांनाही माहीत होतं. नवी गावसमिती निवडली जाणार होती आणि ओळीखालची जमीन गावची की मालकाची याचा निवाडा तीच करणार होती. जमीन गावची ठरली तर बावीस चौकटींतून कवाड काढायला कुणी येऊ शकणार नव्हतं. मालकाच्या बाजूची माणसं आणि विरुद्ध बाजूची माणसं जवळजवळ सारखी होती. ओळीतल्या बायका कुठेच मोजलेल्या नव्हत्या. म्हणूनच मालकानं त्यांची यादी दिली नव्हती.

थोरलीला आजवर कशाचाच हट्ट नव्हता. मूल झालं नाही, त्याचाही तिनं बोभाटा केला नाही. पण रोज सकाळी कामाला जाताना कवाड लोटलं की मागे म्हातारी एकटी, उठता न येणारी, आणि त्या कवाडाचा मालक तिसराच, हे तिला गेल्या चार वर्षांत एकदाही विसरता आलं नव्हतं. तिची भीती त्या फळ्यांएवढीच होती, साडेपाच फूट उंच आणि अडीच फूट रुंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं सुई घेतली, डाव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला चार ठिकाणी टोचली आणि वर मीठ चोळलं. डोळ्यांतून पाणी आलं. दुपारपर्यंत अंगठा टम्म सुजला. मग तिनं त्यावर तेलाची पट्टी बांधली आणि मुकादमानं विचारल्यावर सांगितलं की नखुरडं झालंय. मुकादमानं पट्टी सोडायला लावली, सूज पाहिली, नाक मुरडलं आणि तिला हौदावरून काढून खडी फोडायला बसवलं. उजव्या हातात हातोडी, डाव्या कोपरानं दगड धरायचा. दोन दिवसांत कोपराची सालं निघाली, पण अंगठा कोरडा राहिला. पाचव्या दिवशी तिनं तो उन्हात धरून पाहिला तर कडेला दोन-तीन बारीक रेघा उठल्या होत्या. तिनं कुणाला दाखवल्या नाहीत. नवऱ्यालाही नाही.

घोळ केला तो तिच्या धाकट्या जावेनं. ती ओळीत सतराव्या घरात राहायची आणि तिच्या पोटात काही राहत नसे. थोरलीची युक्ती तिनं आधी एकीला सांगितली, मग दुसरीला. सहाव्या दिवशी सकाळी हजेरीला बायका उभ्या राहिल्या तेव्हा सात जणींच्या अंगठ्यांना पट्ट्या होत्या. सातही जणींना नखुरडं झालेलं. दुसरं कारण कुणालाच सुचलं नव्हतं. ज्या एकीला खरंच बोटाला लागलं होतं, ती बिचारी कुणी संशय घेऊ नये म्हणून पट्टी न बांधताच आली होती.

मुकादम रांगेवरून हळूहळू चालत गेला. ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नखुरड्याची साथ आली म्हणायची," तो म्हणाला. "औषध आहे माझ्याकडे."

त्यानं सगळ्यांना हौदापाशी नेलं. रात्रभर विझलेला चुना लोण्यासारखा मऊ झाला होता आणि अजून वाफ धरून होता. एरवी तो दांड्यानं ढवळतात. मुकादम म्हणाला, आज हातानं मळा, बारीक खडे राहिलेत. पट्ट्या काढा आणि कोपरापर्यंत हात घाला. धाकटीनं थोरलीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि हात घातला. एकीमागून एक सगळ्यांनी घातले. चर्र आवाज झाला नाही, काही नाही. नुसते हात आत गेले आणि बायकांची तोंडं आवळली गेली.

थोरलीची पाळी आली तेव्हा तिनं पट्टी सोडली. आतला अंगठा पिकला होता, पू दिसत होता. मुकादमानं क्षणभर पाहिलं. पिकलेल्या हाताची बाई चुन्यात घालून उद्या ती तापानं फणफणली तर मालक आपल्यालाच बोलेल, असा हिशेब त्याच्या मनात झाला असावा. त्यानं तिला मानेनं बाजूला व्हायला सांगितलं. बाकीच्या सहा जणी हौदात हात घालून तिच्याकडे बघत होत्या. त्या नजरेला काय म्हणावं ते तिला कळलं नाही. तिला आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटली.

त्यानंतर ओळीतल्या बायका तिच्याशी नेहमीसारख्याच बोलत. फक्त पाण्यावर गेली की कुणी ना कुणी हळूच तिच्या पट्टीकडे बघायचं. आता ती एकटीच उरली होती. आठव्या दिवशी, नवव्या दिवशी रात्री नीट झोप लागेना. वाऱ्यानं कवाड जरा वाजलं तरी ती उठून बसायची. नवरा तिच्याशी बोलायचा बंद झाला होता. रागानं नव्हे. त्यालाही तेच ऐकू येत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी सुतार आला. घरी म्हातारी एकटी होती. संध्याकाळी तिनं सांगितलं की सुतारानं आधी कवाडाची लांबी-रुंदी मापली, मग बिजागऱ्यांच्या सळया ठोकून ढिल्या केल्या, तेल सोडलं आणि पुन्हा जागेवर बसवल्या. म्हातारीनं विचारलं, काय करतोस रे? तो म्हणाला, माप घ्यायला सांगितलंय, आजी. काढायला नाही सांगितलं. सुतार ओळीतलाच, बाविसाव्या घरातला. जाताना त्यानं म्हातारीच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि तिच्याकडे न बघता गेला.

थोरलीनं कवाड धरून पाहिलं. सळई दोन बोटांनी वर येत होती. कवाड उभं होतं, पण कुणीही येऊन पुस्तकाचं पान उलटावं तसं ते उचलून नेऊ शकत होतं.

बाराव्या दिवशी ती खडीवर बसली होती. मुकादम आला आणि हौदाच्या कडेला उभा राहिला. हातात सुताराची मापाची काठी होती. तो तिला काही म्हणाला नाही. काठीवर खडूनं दोन खुणा केलेल्या होत्या. एक साडेपाच फुटांवर, एक अडीचवर. त्यानं काठी जमिनीवर टेकवली आणि लांब भट्टीकडे बघत राहिला.

थोरली उठली. कुणी तिचा हात धरला नाही, कुणी नाव घेऊन हाक मारली नाही. ती आपल्या पायांनी हौदापाशी गेली, पट्टी सोडून बाजूला ठेवली आणि डावा हात मनगटापर्यंत चुन्यात घातला. पिकलेल्या जागी आग लागली ती थेट खांद्यापर्यंत गेली. तिनं मनात वीस मोजले. हात बाहेर काढला तेव्हा तो पांढराशुभ्र होता. मुकादम काठी खांद्यावर टाकून निघून गेला.

घरी आल्यावर ती खाटेच्या कडेला बसली आणि रडली. म्हातारीपुढे ती कधी रडली नव्हती.

"आई, मीच घातला हो," ती म्हणाली. "त्यानं सांगितलंसुद्धा नाही."

म्हातारीनं तिचा हात ओढून घेतला, फडक्यानं पुसला, खोबऱ्याच्या तुकड्याएवढी उडालेली साल पाहिली. बराच वेळ ती त्या हाताशीच चाळा करत होती. थोरलीला वाटलं, म्हातारी बोलणार, तरी मी सांगत होते. पण म्हातारी आपलाच अंगठा थोरलीच्या तळहातावर घासत होती. थोरलीला ते खरखरलं. तिनं खाली पाहिलं. मग उठून कवाड उघडलं आणि म्हातारीचा हात उजेडात धरला.

चार वर्षं त्या हाताला चुना लागला नव्हता. अंगठ्यावर रेघा होत्या. शिंपल्यावर असतात तशा गोल, दाट, एकात एक.

"आता कळलं?" म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, अकरा जणींत एकीला तरी सुचेल. इथे एक बिनकामाची पडलीय ते."

नवऱ्यानं ऐकलं तेव्हा तो हबकलाच. शाळा दीड मैल. म्हातारीला बसवलं तरी ती विव्हळायची, गाडीत घालून नेली तर खुब्याचं काय होईल? आणि गाडी तरी कुणाची, मालकाचीच. खाट न्यावी तर ती चौकटीतून बाहेर निघत नव्हती, आतच बांधलेली होती. शिवाय कवाड. तो दहा वेळा कवाडाकडे बघत होता.

"ते काढून नेतील," तो म्हणाला.

"नेतील," थोरली म्हणाली. तिचीही नजर तिकडेच होती. सळई दोन बोटांनी वर येत होती.

पंधराव्या दिवशी भट्टी पेटायची होती, त्या दिवशी बायकांना काम नसे. भट्टी पेटली की पहिला काळा धूर जाऊन पांढरा येईपर्यंत मुकादमाला तिथून हलता येत नसे. आच कमी-जास्त झाली तर आख्खी भट्टी कच्ची राहते आणि मग मालक त्याचीच सालं काढतो. दहाच्या सुमाराला माळावर काळा धूर दिसला. थोरलीनं धाकटीला बोलावलं. दोघींनी सळया काढल्या. कवाड हातात आलं. मालकाची वस्तू तिनं स्वतः काढली होती. आता मुकादमाला त्रासही नाही, असं तिच्या मनात आलं आणि भीतीनं तिला हसूच फुटलं.

कवाड जमिनीवर आडवं ठेवलं, त्यावर गोधडी टाकली आणि म्हातारीला सरकवलं. नऊचा आकडा तिच्या डोक्याशी आला. दोघींना उचलेना. तेव्हा सोळाव्या आणि तेराव्या घरातल्या बाहेर आल्या. दोघींचे हात कोपरापर्यंत सोललेले. त्यांनी एकेक कोपरा धरला. ओळीतून जाताना बाकीची कवाडं लोटलेलीच राहिली, पण फटींतून डोळे दिसत होते. फक्त शेवटून दुसऱ्या घरातली बाळंतीण दारात उभी होती. दीड महिन्याचं पोर खांद्यावर. अंगावर पिणाऱ्या पोराला बाधेल म्हणून ती दोन महिने चुन्याला शिवली नव्हती. तिनं आपला अंगठा पाहिला, मग कवाडावरच्या म्हातारीकडे पाहिलं. घराला कडी लावून ती मागे चालू लागली.

वाट भट्टीच्या खालून जात होती. वर तोंडाशी नवरा जळण टाकत होता. त्यानं खाली पाहिलं. चार बायका, कवाड, कवाडावर आपली आई. त्याच्या हातातला ओंडका तसाच राहिला. मुकादम पलीकडच्या बाजूला होता. थोरलीनं वर बघायचं टाळलं. तिला वाटलं, त्यानं हाक मारली तर आपण थांबू.

त्यानं हाक मारली नाही.

दर शंभर पावलांवर खाली ठेवायला लागत होतं. म्हातारी ओठ दाबून पडली होती. अर्ध्या वाटेत तिनं थोरलीला जवळ बोलावून कानात सांगितलं की गोधडी ओली झाली. सांगताना तिचं तोंड एवढंसं झालं. थोरली म्हणाली, होऊ दे. म्हातारी म्हणाली, त्या माणसापुढे वास येईल. थोरलीनं आपल्या डोक्याचं फडकं सोडून तिच्या कमरेवर घातलं.

कारकुनानं कवाड ओसरीवर येताना पाहिलं आणि उभा राहिला. टेबल सरकवून तो शाई-कागद घेऊन खाली आला, गुडघ्यांवर बसला. म्हातारीचं वय, नवऱ्याचं नाव, घराचा आकडा विचारला. आकडा सांगायची गरज नव्हती, तो समोरच होता. मग त्यानं तिचा अंगठा शाईत धरला. म्हातारीचा हात एवढा कापत होता की कागदावर अंगठा घसरला आणि नुसता फराटा उठला.

कारकुनानं फराट्यावर काट मारली. मग म्हणाला, रकाना दोन वेळांचाच असतो. आता एकदाच.

थोरली म्हातारीच्या उशाशी बसली. तिनं म्हातारीचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं. तीन दिवसांपूर्वी सोललेला तिचा तळवा त्या धरण्यानं पुन्हा फुटला, पण हात थांबला. अंगठा टेकला. उचलला. कारकुनानं भिंग लावलं. पोर बाळंतिणीच्या खांद्यावर कुरकुरत होतं, तेवढाच आवाज.

"आला," तो म्हणाला. "सगळा आला."

थोरलीनं वाकून पाहिलं. काळ्या बारीक रेघा, एकात एक, मध्ये भोवरा. तिला वाचता येत नव्हतं, पण हे तिला वाचल्यासारखं वाटलं. त्यानंतर बाळंतिणीचा घेतला. तोही आला. बाकीच्या तिघींनी आपापले हात मागे धरले होते.

परत येताना माळावरचा धूर पांढरा झाला होता. ते लांबूनच दिसलं आणि चौघींची पावलं जड झाली. कुणी थांबू या म्हणालं नाही, कारण थांबून जायचं कुठे? नवव्या चौकटीपुढे मुकादम उभा होता. बाजूला सुतार.

"कवाड कुणाचं?" मुकादमानं विचारलं.

"मालकाचं," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "मालकाचंच. आत्ता बसवते."

"बसवू नको. दे इकडे."

त्याच्यासमोरच म्हातारीला उचलून आत खाटेवर न्यावं लागलं. गोधडी काढली तेव्हा फळ्यांवर ओला डाग होता. मुकादमानं तो पाहिला, तोंड फिरवलं आणि सुताराला सांगितलं की आधी हे धुऊन घे. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आतून म्हातारी बोलली. आवाज थकलेला होता, पण चांगला ऐकू आला.

"नीट धू रे बाबा. मालकाचं आहे."

सुतारानं मान खाली घातली आणि बादली आणायला गेला. मुकादम पुढे जाऊन शेवटून दुसऱ्या घरापाशी थांबला. बाळंतीण आत जाऊन कडी लावून बसली होती. त्यानं कवाडावरचा आकडा मोठ्यानं वाचला आणि निघून गेला. ते कवाड उद्या जाणार हे सगळ्या ओळीला कळलं.

दिवस मावळायच्या आधी वारा सुटला. थोरलीनं गोणपाट टांगलं, ते फडफडून खिळ्यावरून सुटलं. भुकटी आत यायला लागली. म्हातारीला ढास लागली. थोरलीनं तिच्या तोंडावर ओलं फडकं धरलं. तिला हसऱ्याच्या पोरी आठवल्या, पाचव्या दिवशी गाठोडं घेऊन चाललेल्या. आपल्याला तर गाठोड्याबरोबर हेही उचलायचंय, आणि उचलायला आता कवाडही नाही. जे केलं ते का केलं, हे तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नवरा कामावरून आला. रिकाम्या चौकटीत थांबला, खालच्या बिजागऱ्यांवर हात फिरवला. आत आला नाही. थोरलीला वाटलं, आता बोलणार. तिनं तेही ऐकायची तयारी केली.

"धूर बाराच्या आधीच पांढरा झाला होता," तो म्हणाला. "त्याच्या बाजूनं रंग नीट कळत नव्हता, म्हणून त्यानं मला चारदा विचारलं. मी म्हणालो, मागून काळाच आहे अजून. दोन वाजेपर्यंत म्हणत होतो." तो बिजागरीवरून हात काढेना. "मला फार भीती वाटते गं."

"मलाही वाटते."

आतून म्हातारीनं विचारलं की शाई पुसली तर चालेल का. थोरली म्हणाली, चालेल, आता तिकडे उमटलंय. तरी म्हातारीनं अंगठा पांघरुणाबाहेरच ठेवला, उशीवर, कशालाही न लागेल असा.

नवऱ्यानं तो अंगठा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मतदानाला किती दिवस आहेत?"

"तेवीस."

त्यानं बाहेर पाहिलं. वारा माळावरून सरळ येत होता. तो खाली बसला, वाऱ्याकडे पाठ केली, दोन्ही खांदे चौकटीला टेकवले आणि जागा पुरी भरेल असा सरकून नीट बसला.